दिडकी

त्या रात्री मी मान डोलावली, हे अजून टोचतं. बाकी सगळं विसरून जाण्यासारखंच होतं. ५ मार्च २०२०, रात्रीचे दहा वाजून गेलेले. बाहेर ड्राइव्हवेच्या कडेला काळा पडलेला जुना बर्फ, आत सोफ्यावर पाय वर घेऊन शाल गुंडाळून बसलेले बाबा आणि त्यांच्या मांडीवर भाजक्या शेंगदाण्यांची वाटी. टीव्हीवर एमएसएनबीसी, डेमोक्रॅटांकडे झुकलेलं बातम्यांचं चॅनेल. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग आदल्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीतून बाहेर पडले होते आणि निवेदक ब्रायन विल्यम्स त्यांच्या खर्चाबद्दल बोलत होते. पडद्यावर कुणाचं तरी ट्वीट झळकलं. ब्लूमबर्गनी जाहिरातींवर ५०० मिलियन डॉलर उडवले, अमेरिकेची लोकसंख्या ३२७ मिलियन, म्हणजे प्रत्येक अमेरिकन माणसाला एकेक मिलियन डॉलर वाटूनही जेवणापुरते पैसे उरले असते. विल्यम्सनी ते वाचून दाखवलं. समोर न्यूयॉर्क टाइम्सच्या संपादक मंडळातल्या एक बाई होत्या, त्यांनीही ते उचलून धरलं. आणि इकडे आयोवात, डी मॉइनच्या एका उपनगरात, विमा कंपनीत आकडेमोड करून जिचं पोट भरतं ती मी, "बघा ना!" म्हणत मान डोलावून मोकळी झाले.

"अगं, दीड डॉलर," बाबा म्हणाले.

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. त्यांनी वाटी खाली ठेवली, टीपॉयवरचं एका उमेदवाराचं गुळगुळीत पत्रक उलटं केलं, पण त्याच्यावर बॉलपेन उठेना. मग विजेच्या बिलाचं पाकीट घेतलं. पाचशे भागिले तीनशे सत्तावीस. भागाकाराची ती लांब मानेची खूण, तीनशे सत्तावीस एके तीनशे सत्तावीस, बाकी एकशे त्र्याहत्तर, दशांश चिन्ह, शून्य खाली. "एक पूर्णांक त्रेपन्न. त्यातला एक सामोसा येतो का बघ तुमच्या त्या दुकानात." मिलियनला मिलियनने भागलं की मिलियन उडून जातात, हे चौथीतल्या पोराला समजतं. बाबांनी तासगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तेहतीस वर्षं गणित शिकवलं. ते स्वतः ज्या काळात शिकले त्या काळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी अशी सगळी अपूर्णांकांची पाढ्यांची पंगत तोंडपाठ करून घ्यायचे. एकाचे दीड, दोनाचे तीन, तिनाचे साडेचार. त्यामुळे ५०० आणि ३२७ हे आकडे शेजारी दिसले की त्यांच्या डोक्यात आपोआप दिडकी वाजते. माझ्या डोक्यात काय वाजलं? माझ्या डोक्यात वाजलं, 'अब्जाधीश'.

कार्यक्रम संपायच्या आत विल्यम्सनी चूक कबूल केली, गणितात आपण कच्चे आहोत असा विनोदही केला. दुसऱ्या दिवशी त्या दोघांची यथेच्छ टिंगल झाली. शेजारच्या घरात रिपब्लिकनांकडे झुकलेलं फॉक्स न्यूज लागतं, तिथे तर दिवाळीच. माझी टिंगल मात्र कुणी केली नाही, कारण मला कुणी पाहिलं नव्हतं. बाबा सोडून. आणि बाबांनी तो विषय पुन्हा काढला नाही, जे टिंगलीपेक्षा वाईट.

महिनाभर आधी मीच बाबांना मोठ्या तोऱ्यात कॉकसला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या सभेला, घेऊन गेले होते. आई-बाबा नोव्हेंबरात आले होते, एप्रिलात परत जाणार होते (करोनामुळे ते पुढे कधी गेले ही वेगळीच कहाणी). मला नागरिकत्व मिळून दीडच वर्ष झालं होतं आणि मतदार म्हणून हे माझं पहिलं कॉकस. ३ फेब्रुवारी, सोमवार, संध्याकाळी सातच्या आत शाळेत हजर. जाताना गाडीत बाबांना प्रायमरी म्हणजे काय हे सांगायचा मी प्रयत्न केला. पक्षाचा उमेदवार पक्षाचे साधे मतदारच निवडतात, राज्याराज्यातून, महिनोन्‌महिने. काही राज्यांत नेहमीसारखं मतदान होतं, आमच्याकडे मात्र लोक एका खोलीत जमून उभं राहून ठरवतात. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे एबी फॉर्म कुणाला द्यायचा हे ही शाळेत जमलेली माणसं ठरवणार?" मी म्हटलं, हो. "आणि हायकमांड?" मी म्हटलं, तसं काही नसतं. या माझ्या उत्तरावर तेव्हा माझा पूर्ण विश्वास होता. आपल्याकडे तिकीटवाटपाच्या दिवशी मुंबईत पक्ष कार्यालयाबाहेर ताटकळणारे इच्छुक, शेवटच्या क्षणी फिरलेला फॉर्म, रडारड, बंडखोरी हे सगळं ज्यांनी चाळीस वर्षं पाहिलंय त्यांना मी सांगत होते की बघा, लोकशाही अशी असते.

शाळेच्या जिममध्ये पॉलिश केलेल्या लाकडाचा आणि ओल्या बुटांचा वास. भिंतीवर प्रत्येक उमेदवाराचं नाव लिहिलेले कागद, त्याखाली त्याची माणसं. एका टेबलावर कुणी तरी घरून करून आणलेल्या कुकीज. बाबांना प्रेक्षकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसवलं, ते लगेच माणसं मोजायला लागले. मी एमी क्लोबुशार यांच्या कोपऱ्यात. आधी डोकी मोजायची ती अशी की रांगेतल्या प्रत्येकाने आपला नंबर मोठ्याने म्हणायचा. एक, दोन, तीन. सहलीच्या बसमध्ये चढताना पोरं म्हणतात तसं. एकूण २१२ जण. तगून राहायला पंधरा टक्के लागतात, म्हणजे ३१.८, म्हणजे बत्तीस. आमच्या कोपऱ्यात एकोणतीस. आता बत्तीस भरले नाहीत तर आम्ही बाद, मग दुसऱ्या कुणाच्या तरी कोपऱ्यात जायचं किंवा घरी. टिकलेल्या गटांना जागचं हलता येत नाही, म्हणून आमच्या कॅप्टनबाई अँड्रू यँग आणि टॉम स्टायरच्या बाद झालेल्या माणसांकडे धावल्या. दोघं फुटली. एकतीस. एक कमी! बाई बाकाकडे वळल्या आणि बाबांचा हात धरून म्हणाल्या, तुम्ही कुणाचे? बाबा उभे राहिले, स्वेटर खाली ओढला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आय अ‍ॅम टूरिस्ट."

सगळं जिम हसलं. आम्ही बाद झालो. मी एलिझाबेथ वॉरन यांच्या कोपऱ्यात गेले.

मग खरा हिशेब सुरू झाला, आणि इथे बाबांचे डोळे चमकले. आमच्या केंद्राच्या वाट्याला सात डेलिगेट, म्हणजे पुढच्या टप्प्यावर जाणारे प्रतिनिधी. गटातली माणसं गुणिले सात भागिले एकूण माणसं. वॉरनच्या कोपऱ्यात शेवटी अठ्ठेचाळीस जण, म्हणजे एक पूर्णांक अठ्ठावन्न, तो वर ढकलला की दोन. दुसऱ्या कुणाचा पूर्णांकापुढचा भाग अर्ध्याहून कमी, तो खाली कापला. "माणसाचा अपूर्णांक करतात हे," बाबा मला म्हणाले. त्यात टीकाही होती आणि एक शिक्षकी आनंदही होता. केंद्राध्यक्ष, बहुतेक शाळेतलेच कुणी शिक्षक असावेत, कागदावर तीनदा खाडाखोड करून हे गणित करत होते. त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायचा मोह बाबांना आवरेना. मी त्यांना बाहीला धरून मागे ओढलं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. निकाल पाठवायचं अ‍ॅप कोसळलं, फोनलाइनवर रांग लागली, रात्री बारापर्यंत एकही अधिकृत आकडा नाही. आम्ही घरी आलो तेव्हा चॅनेलांवरचे ते हाताने सरकवायचे अवाढव्य नकाशे राखाडी होते आणि त्यांच्यापुढे उभी असलेली माणसं रिकाम्या नकाशावर हात फिरवत बोलत होती. आकडा नसताना तासन्‌तास बोलणं हे काय कौशल्य असतं ते मी त्या रात्री पाहिलं. सीएनएनवर एका केंद्राच्या सचिवाची फोनवरून थेट मुलाखत चालू होती. तो माणूस एकीकडे तासभर पक्षाच्या लाइनवर होल्डवर होता. नेमकी मुलाखत चालू असताना तिकडून कुणी तरी उचललं, आणि हा इकडचं संपवून 'हॅलो, हॅलो' म्हणेपर्यंत तिकडून ठेवूनही दिलं. बाबा इतके हसले की आई आतून उठून आली. मला हसू आलं आणि रागही आला. बातमी देणाऱ्यांनीच बातमीचा फोन तोडला होता.

शेवटी कळलं काय, तर पीट बुटिजेज २६.२ टक्के आणि बर्नी सँडर्स २६.१ टक्के. हे डेलिगेटांचं. पहिल्या फेरीच्या डोक्यांत सँडर्स सहा हजारांनी पुढे. असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने विजेता जाहीर करायलाच नकार दिला. टाइम्सने कागद तपासले तेव्हा शंभराहून जास्त केंद्रांच्या हिशेबात विसंगती निघाली, आणि पक्षाचे वकील म्हणाले, सह्या झालेल्या कागदावरची बेरीज चुकीची असली तरी ती आता बदलता येणार नाही. बाबांना हे वाक्य मी दोनदा भाषांतर करून सांगितलं. त्यांना वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे.

पण मला बोलायचंय ते त्यानंतरच्या महिन्याबद्दल. तो महिना मी रोज रात्री एमएसएनबीसीपुढे बसून काढला आणि त्याच महिन्यात, आज वाटतं, माझं हायकमांड मला दिसायला हवं होतं. आपण पक्षपाती चॅनेल म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे असतं ते इकडचं विरुद्ध तिकडचं. प्रायमरीत मात्र चॅनेल स्वतःच्याच घरात पंच होऊन बसतं, आणि घरातल्या भांडणात पंच कुणाचा हे कुणी विचारत नाही. २२ फेब्रुवारीला सँडर्सनी नेवाडा मोठ्या फरकाने जिंकलं. एमएसएनबीसीवर ख्रिस मॅथ्यूज म्हणाले की १९४० साली फ्रान्स पडलं तेव्हाची आठवण येते. ज्या माणसाचे नातेवाईक नाझींनी मारले त्याच्या विजयाला ही उपमा! मी सँडर्सची नव्हते. ते फार ओरडतात असं माझं मत, आणि त्यांच्या सभेला जाणाऱ्या ऑफिसातल्या पोरांचा मला कंटाळा आलेला. म्हणून मला ती उपमा फारशी खटकली नाही. 'जरा जास्तच बोलले' इतपत. मॅथ्यूजनी माफी मागितली, आठवड्याभरात इतरही तक्रारींमुळे ते चॅनेलवरूनच गेले. तेव्हाही मी हळहळले ते त्यांच्या आवाजाची सवय झाली होती म्हणून. मग २९ तारखेला साउथ कॅरोलायनात जो बायडेन जिंकले, दोन दिवसांत बुटिजेज आणि क्लोबुशार बाहेर पडून त्यांच्यामागे उभे राहिले आणि ३ मार्चच्या सुपर ट्यूजडेला एकाच दिवशी मत देणाऱ्या चौदा राज्यांपैकी दहा बायडेनांची. त्या चार दिवसांत माझ्या चॅनेलवरची हवा बदलली. कुणी काही खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही. आवाजातला ताण गेला. सासूला सून पसंत पडल्यावर घरात जसा चहाचा वास वेगळा येतो, तसं.

ब्लूमबर्ग तर त्या घरात कुणालाच नको होते. पहिली चारही राज्यं सोडून थेट सुपर ट्यूजडेला उतरलेला माणूस, कॉकसच्या आदल्या रात्री सुपर बोलमध्ये मिनिटभराची जाहिरात, लास व्हेगसच्या वादविवादात वॉरननी केलेली धुलाई, आणि एवढं करून जिंकलं काय, तर पॅसिफिकातलं एक अमेरिकन समोआ. मी वॉरनवाली. म्हणजे त्या ट्वीटचा आकडा माझ्या सगळ्या रागाला व्यवस्थित चपखल बसत होता. मापाने शिवलेला. असं कापड अंगावर आलं की आपण शिवण तपासत नाही.

बाबांचा दुपारचा वेळ मात्र वेगळ्याच घरात जायचा. शेजारी जॉन डियरची हिरवी टोपी घालणारे एक आजोबा राहतात. आयुष्यभर मका आणि सोयाबीन केलं, आता शेत खंडाने दिलंय आणि मुलीजवळ शहरात आलेत. आमचा ड्राइव्हवे हिमवर्षाव झाला की आम्ही उठायच्या आत त्यांच्या मशीनने साफ झालेला असतो. त्यांच्या गॅरेजमध्ये हीटर, दोन घडीच्या खुर्च्या आणि भिंतीवर छोटा टीव्ही. त्यावर फॉक्स. बाबांचं इंग्रजी जेमतेम, त्यांचे उच्चार बाबांना कळत नाहीत, तरी दोघं तास दीड तास बसायचे. मका एकरी किती, पाणी कुठून, भाव कोण ठरवतं हे बोटांनी आणि कागदावर चालायचं. मला वाटायचं बाबांवर परिणाम होईल. हो, मला खरंच तशी भीती वाटली होती, जणू गॅरेजमध्ये काही तरी साथ होती. एकदा विचारलं, काय दाखवतात त्यावर? तर म्हणाले, "आवाज बंद असतो. आम्ही बोलतो ना."

मग त्यांनी एक प्रयोग सुचवला. घरी आमच्या चॅनेलचा आवाज बंद करून मला दहा मिनिटं बघायला लावलं. सहा खिडक्यांत सहा डोकी. खाली पट्टी पळतेय. एक जण बोलतोय, बाकीचे पाच त्याच्याकडे बघत माना हलवतायत. कुणी भुवया उंचावल्या, कुणी कपाळाला हात लावला. "तिकडंही हेच," बाबा म्हणाले. "आमच्याकडं यात्रेत कलगीवाले आणि तुरेवाले यायचे. रात्रभर भांडायचे. पण एकाच फडात, समोरासमोर. ह्यानं सवाल टाकला की त्याला जवाब द्यावाच लागायचा, नाही तर डफ खाली. इथं कलगीचा फड एका गावात, तुऱ्याचा दुसऱ्या गावात. सवाल टाकायचा आणि आपणच टाळ्या घ्यायच्या." त्यांना 'सामना' किंवा 'केसरी'चं वावडं कधीच नव्हतं. टिळक काही नि:पक्ष म्हणून लिहीत नव्हते, आणि 'सामना' घेणाऱ्याला तो कुणाचा हे विकत घेतानाच माहीत असतं. दोन्ही बाजूंची वर्तमानपत्रं वाचनालयातल्या एकाच टेबलावर पडलेली असायची, गंमत ती होती. त्यांना इथे खटकली ती 'आम्ही संतुलित' असली पाटी. फॉक्सने ती वीस वर्षं लावली होती.

याबद्दल इथले जाणकार १९८७ सालापासून सुरुवात करतात. रेडिओ-टीव्हीवर वादाच्या विषयाची दुसरी बाजूही द्यायला लावणारा नियम त्या वर्षी गेला. १९९६ च्या जुलैत एमएसएनबीसी आणि ऑक्टोबरात फॉक्स न्यूज सुरू झालं, वगैरे. असेल. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की चॅनेल आता प्रेक्षकाला घाबरतं. टोपीवाल्या आजोबांचंच चॅनेल घ्या. २०१६ च्या जानेवारीत ट्रम्प फॉक्सच्या वादविवादाला फिरकलेच नाहीत. वाद इथेच, डी मॉइनमध्ये होता, आणि ते त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या बाजूला ड्रेक विद्यापीठात स्वतःचा कार्यक्रम करत होते. त्या संध्याकाळी ऑफिसातून घरी यायला मला दुप्पट वेळ लागला होता. ते आयोवात टेड क्रूझकडून हरले, पण चॅनेल कुणाला वाकलं ते पुढच्या वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. मग २०२० च्या नोव्हेंबरात मतमोजणीच्या रात्री फॉक्सने सगळ्यांच्या आधी अ‍ॅरिझोना बायडेनांना दिलं. आकडा बरोबर निघाला. आणि बरोबर आकडा दिल्याबद्दल प्रेक्षक चिडून दुसऱ्या चॅनेलांकडे जाऊ लागले. त्यानंतर मतदान यंत्रांबद्दल जे काही त्या पडद्यावर बोललं गेलं त्याची किंमत २०२३ च्या एप्रिलात ७८७.५ मिलियन डॉलर ठरली, ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीला, तडजोडीत. तो आकडा ऐकल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर ३२७ ने भागला. दोन डॉलर एक्केचाळीस सेंट. आता सवयच लागली आहे.

२०२४ च्या कॉकसला बाबा नव्हते. आमच्या डेमोक्रॅटिक पक्षाने आयोवाचा पहिला नंबरच काढून घेतला, मतं टपालाने मागवली, त्या गोंधळाचा तेवढा सूड तर उगवायचाच होता. रिपब्लिकनांचं कॉकस १५ जानेवारीला. पारा उणे वीसच्या आसपास, श्वास घेतला की नाकातले केस टोचायचे. पाच दिवस आधी पुन्हा तेच नाटक. ड्रेक विद्यापीठात सीएनएनवर निकी हेली आणि रॉन डिसँटिस एकमेकांना खोटारडे म्हणत होते आणि त्याच घटकेला त्याच शहरात ट्रम्प फॉक्सच्या टाउन हॉलमध्ये हसत बसले होते. टोपीवाले आजोबा डिसँटिसवाले. हे मला तेव्हाच कळलं, चार वर्षं मी त्यांना एका ठोकळ्यात घालून ठेवलं होतं. त्या रात्री ते चार थर चढवून, गुडघ्याला पट्टा बांधून चर्चमधल्या कॉकसला गेले. भाषणं चालू होती, चिठ्ठ्या वाटल्याही नव्हत्या, आणि खिशातला फोन वाजला. ट्रम्प जिंकले. सात वाजता सुरू झालेल्या कॉकसचा निकाल साडेसातच्या सुमारास एपीने आणि चॅनेलांनी देऊन टाकला. आजोबांनी तरीही चिठ्ठीवर नाव लिहिलं, घडी घातली, टाकली. दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दाराशी मला हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. एवढंच म्हणाले की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाला तरी फोन करून 'मी अजून इथे आहे' असं सांगावंसं वाटलं. टीव्ही बंद होता. ट्रम्पना निम्म्याहून जास्त मतं होती, त्यामुळे निकाल चुकलेला नव्हताच. हेच मला विचित्र वाटतं. एकदा आकडा आलाच नाही म्हणून आम्ही चिडलो, एकदा तो फार लवकर आला म्हणून ते.

मी सुधारले असेन असं कुणाला वाटत असेल तर पुढचं ऐका. २ नोव्हेंबर २०२४, शनिवार संध्याकाळ. डी मॉइन रजिस्टरसाठी अ‍ॅन सेल्झर यांनी केलेली जनमत चाचणी आली. आयोवात कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे. सेल्झर यांचा शब्द इथे पंचांगासारखा. मी उभी होते ती खाली बसले. हीच बाई गेली कित्येक वर्षं बरोबर ठरलीय, असं लिहून ती बातमी मी मराठी मंडळींच्या गटावर, ऑफिसात, पुण्याच्या मावसबहिणीला, सगळ्यांना पाठवली. आमच्याच रस्त्यावर कुणाच्या अंगणात कुणाच्या पाट्या आहेत हे मी रोज चालताना बघत होते, माझ्या पेशात नमुना आणि लोकसंख्या यांतला फरक पहिल्या वर्षी शिकवतात, तरी पाठवली. ट्रम्पनी आयोवा तेरा टक्क्यांनी जिंकलं. कुणी मला उलट काही लिहिलं नाही. मावसबहिणीने एक फुलाचं चित्र पाठवलं, ते कशाबद्दल होतं मी विचारलं नाही.

त्याच महिन्यात महाराष्ट्रात विधानसभा. २३ तारखेच्या निकालाच्या दोन-तीन दिवस आधी पहाटे घरच्या गटावर बाबांचं एक फॉरवर्ड आलं. बाबा आता शहात्तर. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, टीव्हीवर दिवसभर मराठी बातम्या, गणपतीच्या आरतीइतक्या मोठ्या आवाजात. ज्या पक्षावर त्यांचा आता फार राग आहे त्या पक्षाबद्दल होतं. जाहिरातींवर पाच हजार कोटी उडवले, देशात एकशे चाळीस कोटी लोक, तेवढ्यात प्रत्येक माणसाच्या खात्यात पस्तीस लाख आले असते. खाली तीन संतापलेले चेहरे आणि 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा'. पाच हजार कोटी हा आकडा कुठून आला देव जाणे. पण मी तो बाजूला ठेवला आणि फक्त भागाकाराकडे बघत बसले. कोटीला कोटीने भागलं की कोटी उडतात. पस्तीस रुपये. पस्तीस तेवढे बरोबर ठेवून कुणी तरी पुढे लाख चिकटवले होते.

खरं तर सोडून द्यायला हवं होतं. निवडणुकीच्या दिवसांत वडिलांशी कशाला. आईने फोनवर आधीच सांगितलं होतं की त्यांच्याशी राजकारणावर बोलू नकोस, रक्तदाब वाढतो. कॉफी होईपर्यंत मी तो मेसेज चार वेळा उघडला. मग ड्रॉवरमधून विजेच्या बिलाचं एक पाकीट काढलं आणि मागच्या बाजूला मांडला भागाकार, लांब मानेची खूण काढून, बाकीसकट. पाच हजार भागिले एकशे चाळीस. फोटो काढला. सोबत काही लिहायचं की नाही यावर पाच मिनिटं गेली. 'बाबा, दिडकी' असं लिहिलं, खोडलं. नुसता फोटो बाबांना पाठवला.

तासगावात तेव्हा संध्याकाळ. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग बराच वेळ काही नाही. मी ऑफिसला निघाले, गाडीवरचं दव-बर्फ खरवडलं. टोपीवाल्या आजोबांनी त्यांच्या खिडकीतून हात केला. रस्त्याला लागले तेव्हा फोन वाजला. सिग्नलला थांबल्यावर बघितलं.

"भागाकार बरोबर. अक्षर सुधार."

फॉरवर्ड गटावर तसंच होतं. खाली काकांचा नमस्कार.